अहवालातला एक शब्द

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी भूगोल शिकवते हे तुम्हाला माहीत होतं, पण भूगोल कशावर शिकवायचा हे ठरवणाऱ्या समितीवर मी बसेन असं तुम्हालाही वाटलं नसतं. आमच्या संस्थेनं गेल्या वर्षी ठरवलं की भिंतीवरच्या नकाशांच्या जोडीला आता संगणकावरचे नकाशे आणायचे. वर्गांत डिजिटल बोर्ड आधीच लागले होते. त्यांवर चालणारं एक सॉफ्टवेअर निवडायचं आणि ते संस्थेच्या सगळ्या शाळांना द्यायचं, म्हणजे इथं नाशिकमधल्या, नांदगाव-लासलगावच्या, आणि कळवणच्याही पलीकडे डोंगरात आमची एक शाळा आहे, तिलासुद्धा. समितीत आम्ही तिघं होतो, संस्थेचे शिक्षण समन्वयक, आमच्या शाळेतले संगणकाचे सर आणि मी. अहवाल मी लिहायचा असं पहिल्याच बैठकीत ठरलं, कारण माझं लिहिणं नीटनेटकं. नीटनेटकं म्हटलं की मला अजूनही तुम्ही आठवता, आणि बाई, ते आठवणं काही गोड नाही.

आठवीत तुम्ही भारताचा नकाशा काढून आणायला सांगितला होतात. आमच्याकडे नकाशांचं पुस्तक नव्हतं. शेजारच्या तलाठ्यांच्या मुलाकडून मी ते एका संध्याकाळपुरतं मागून आणलं. कागदाला शेंगदाण्याचं तेल चोळलं की आरपार दिसतं, हे आईनं शिकवलं होतं. मी स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी बसले आहे, आई पोळ्या लाटते आहे, आणि मी श्वास रोखून गुजरातचा किनारा गिरवते आहे. तेलकट कागदावरून तो मी चांगल्या कागदावर उतरवला, नद्या निळ्या केल्या, नावं छापल्यासारखी लिहिली. तुम्ही तो हातात घेतलात, खिडकीकडे धरलात, मग नाकाजवळ नेलात. "अक्षर सुरेख, रेघा सुरेख," तुम्ही म्हणालात, "पण हा नकाशा तुझा नाही, तेलाचा आहे." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, पण मला ते तेव्हा दिसलं नाही.

त्याच तासाला तुम्ही तिचा नकाशा भिंतीवर लावलात. ती रेल्वेतल्या पॉइंट्समनची मुलगी, मागच्या बाकावर बसायची, डावखुरी. तिला भारत काढायला जमला नव्हता, म्हणून तिनं रेल्वे क्वार्टरपासून शाळेपर्यंतची वाट काढून आणली होती, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. सगळं वाकडंतिकडं. फाटक बंद असलं तर कुठून यायचं ती वाट तुटक रेघेनं दाखवलेली. अंतर कसं काढलंस, असं तुम्ही विचारलंत, तर म्हणाली, पावलं मोजली. सांगितलं होतं भारत, आणलं नांदगाव, आणि तुम्ही त्याला चार खिळे ठोकलेत. तो कागद वर्षभर तिथं होता. वर्षभर मी त्याच्यासमोर पहिल्या बाकावर बसले.

दुसरा एक दिवस सांगते. रविवार होता. मुख्याध्यापकांनी वह्यांचा गठ्ठा तुमच्या घरी पोचवायला सांगितला होता. तुमच्या घरी जायला मिळतंय म्हणून मी सणाचा फ्रॉक घातला होता. दार उघडंच होतं. तुम्ही स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होतात आणि ती पाटावर बसून खात होती, अगदी घरच्यासारखी, लोण्याचं बोट चाटत. तुम्ही मला म्हणालात, ये, तूही बस. मला कडकडून भूक लागली होती. मी जेवून आलेय म्हणाले आणि गठ्ठा उंबऱ्यावर ठेवून परत फिरले. तिची आई त्या वर्षी आजारी होती आणि घरी रांधणारं कुणी नव्हतं, हे मला पुढं कळलं. कळलं म्हणून काही कमी झालं नाही.

तर समितीसमोर दोन सॉफ्टवेअरं आली. पहिलं एका कंपनीचं. त्यांचा माणूस इस्त्रीच्या शर्टात आला आणि त्यानं आमच्या नववीच्या वर्गात पृथ्वी फिरवून दाखवली. ज्वालामुखी मधोमध कापून आतला लाव्हा दाखवला. ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत गोदावरी उलगडत नेली, वाटेतल्या उपनद्या एकेक करून उजळत गेल्या, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खोटं सांगत नाही, मलाही ते आवडलं. समोच्च रेषा शिकवताना मी तीस वर्षं बटाटा कापत आले आहे. इथं एक बटण दाबलं की डोंगर उभा राहत होता.

दुसरं सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं नव्हतं. ते कुणालाही वापरता येतं, हवं तसं बदलता येतं, आणि आमच्याच डोंगरातल्या शाळेतली एक शिक्षिका दोन वर्षं ते वापरते आहे, तिनं त्यात मराठीतून धडे तयार केलेत, असं समन्वयक सरांनी सांगितलं. कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन ती एसटीनं आली. पन्नाशीची बाई, केस बरेच पांढरे. सासरचं आडनाव होतं, त्यामुळे कागदावर मला काही कळलं नव्हतं. तिनं हजेरीपत्रकावर डाव्या हातानं सही केली आणि मी पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मूळची नांदगावची, असं ती म्हणाली. मी म्हणाले की मीही. मी शाळेचं नाव सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. तिचा चेहरा तुमच्या नावानं उजळला. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू आमच्या वर्गात होतीस?" ती म्हणाली. "ब तुकडीत का गं?"

मी म्हणाले, अ. तुझ्याच वर्गात. तिनं ओशाळून माझा हात धरला, म्हणाली, तिचं शाळेतलं लक्षच कुठं असायचं. बाई, इतकी वर्षं मी जिच्यावर जळले तिला माझं तोंडही आठवत नव्हतं. तिनं माझा राग केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं आमच्या आठवीवर पाठ घेतला. मी शेवटच्या बाकावर बसले होते, हातात गुणांचा तक्ता. तिनं पृथ्वी वगैरे काही फिरवली नाही. शाळेच्या आजूबाजूचा परिसर पडद्यावर आणला आणि मुलांना विचारलं की तुम्ही शाळेत कुठून येता. एकेक मूल उठून आपल्या वाटेवर ठिपके देऊ लागलं. कुणी म्हणालं, हा बोळ यात दाखवलाच नाही. तर ती म्हणाली, मग तूच दाखव. आणि मध्येच तिनं तुम्हाला आणलं. "माझ्या बाई म्हणायच्या, नकाशा आधी पायांनी काढायचा आणि मग हातानं." माझ्या बाई. मुलं ऐकत होती. माझीच मुलं, ज्यांना मी तुमच्याबद्दल कधी एक शब्द सांगितला नव्हता, कारण तुम्ही माझ्या होतात असं म्हणायचा हक्क मला कधी वाटलाच नव्हता. तिनं तो सहज उचलला. मी तक्त्यात "वर्गनियंत्रण" या रकान्यात तिला दहापैकी सहा दिले. मुलं बसून शिकत नव्हती, बोर्डापाशी गर्दी करत होती, असं कारणही लिहिलं.

दोन्ही सॉफ्टवेअरांची चाचणी खेड्यातही घ्यायची होती. संगणकाचे सर आणि मी सकाळी लवकर निघून तिच्या शाळेत गेलो. कळवण सोडल्यावर रस्ता चढाला लागतो आणि फोनची रेंज जाते. कंपनीचं सॉफ्टवेअर आधी लावलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. पाऊण तास आम्ही तो गोल बघितला. मुलं शहाणी, हाताची घडी घालून तीही बघत बसली. मग तिनं तिचं उघडलं. नकाशे आधीच लॅपटॉपमध्ये साठवलेले होते, नेट लागतच नव्हतं. दोन वर्षांत मुलांनी त्यात काय काय भरलं होतं, ते तिनं आम्हाला दाखवलं. हातपंप, आणि त्यातले बंद कोणते. पावसाळ्यात कुठल्या ओहोळाला पाणी येतं आणि कोणाची वाट मोडते. सातवीतली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, आमचा पाडा यात नव्हताच. आता हाय. म्या घातला." तिनं बोट ठेवून दाखवलं. सात घरं होती. प्रत्येक घराच्या ठिपक्यावर तिनं घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव लिहिलं होतं.

बाई, मला कळलं होतं. भूगोल शिकवणाऱ्या कुणालाही कळलं असतं. परत येताना संगणकाचे सर सारखे बोलत होते, असं काम त्यांनी कुठं पाहिलं नाही म्हणत होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की तुम्ही असतात तर तुम्ही आज त्या शाळेत राहिला असतात, आणि मला म्हणाला असतात, तू हो पुढं.

अहवाल मी चार दिवस लिहिला. तो खरोखर चांगला उतरला होता. शहरातल्या शाळांबद्दल मी जे लिहिलं ते सगळं खरं होतं. शिक्षकांना प्रशिक्षण लागेल, वर्गात वेळ जाईल, अभ्यासक्रम मागं पडेल, हेही खरंच. खेड्यातल्या चाचणीची माझ्याकडे दोन पानं टिपणं होती. ती मी लावली नाहीत. त्यांच्याऐवजी एक वाक्य लिहिलं, "ग्रामीण भागातील चाचणीत दोन्ही सॉफ्टवेअरच्या वापरात अडचणी आढळल्या." संगणकाच्या सरांनी सही करताना त्या वाक्यावर पेन थांबवलं. "मॅडम, दोन्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तिचं सुरू व्हायलाही वेळ लागलाच ना. पाच मिनिटं लागली होती, लॅपटॉप जुना होता. ते वयानं लहान आहेत, मला मान देतात. त्यांनी सही केली.

कंपनीचं सॉफ्टवेअर मंजूर झालं. जूनमध्ये ते सगळ्या शाळांत बसवलं. माझ्या वर्गात गोदावरी रोज उजळू लागली आणि मी बटाटा कापणं बंद केलं. मी सुखात होते असं म्हणवत नाही, पण एक प्रकारची शांतता होती, आपण जिंकल्यावर येते तशी. दिवाळीनंतर संगणकाच्या सरांनी स्टाफरूममध्ये सहज सांगितलं की सोमवारी त्यांना कळवणकडे जायचंय. सगळ्या शाळांत एकच सॉफ्टवेअर असावं असं संस्थेनं ठरवलं होतं आणि तिच्या शाळेतल्या संगणकांवरचं जुनं काढून टाकायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. तिनं विनंतीअर्ज केला होता, तो नामंजूर झाला. आणि मुलांनी भरलेलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, फाईल निघेल, पण उघडायला सॉफ्टवेअरच नसेल तर काय करायची ती. नवं तर तिथं चालतच नाही. मुलं परत पुस्तकातला नकाशा बघतील.

तो शुक्रवार होता. मला ती सात घरं आठवत राहिली असं मी लिहिलं तर ते शोभून दिसेल, आणि ती आठवलीही. पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती की ती एखाद्या दिवशी तो अहवाल मागून वाचेल. वाचता वाचता त्या शब्दापाशी थांबेल, आणि मग तिला माझं तोंड कायमचं आठवेल. कुठल्या कारणानं मी शनिवारी शाळा सुटल्यावर संस्थेच्या कार्यालयात गेले ते मला अजून नक्की सांगता येत नाही. समन्वयक सर डबा उघडून बसले होते. मी म्हणाले, सर, त्या अहवालात एक शब्द चुकीचा आहे.

"कोणता?"

"दोन्ही."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, कपाटातून फाईल काढली, वाक्य शोधलं आणि दोनदा वाचलं. "चुकून पडला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मी ती दोन पानं पर्समधून काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली. का, असं त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनी काहीतरी वेगळंच गृहीत धरलं, कंपनीनं मला काही दिलं असेल वगैरे. त्यांच्या डोळ्यांत ते दिसलं आणि मी ते तसंच राहू दिलं. पन्नाशीतल्या बाईला आठवीतल्या नकाशाचा राग अजून आहे, हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. ते एवढंच म्हणाले की मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्यांनी तिथूनच फोन करून सोमवारचं काम थांबवलं. महिन्याभरात ठरलं की जिथं नेट पोचत नाही त्या शाळा तिचं सॉफ्टवेअर वापरतील आणि शहरातल्या शाळांनीही आठवड्यातून एक तास ते वापरायचं. समितीवरून माझं नाव गेलं, कामाचा भार जास्त असल्यानं, असं पत्रात लिहिलं होतं. आणि भूगोलाच्या सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला तिला नेमलं.

म्हणजे आता मी तिची विद्यार्थिनी आहे, बाई. जानेवारीत नाशिकला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. हॉलमध्ये चाळीसेक शिक्षक. ती पदर खोचून बोलत होती, मध्येच "माझ्या बाई म्हणायच्या" येत होतं आणि लोक वहीत लिहून घेत होते. तिचं काम कसं वाचलं ते तिला माहीत नाही. कुणीतरी वर बोललं म्हणे, असं ती चहाच्या वेळी म्हणाली, देव त्याचं भलं करो. मी बिस्किट खात होते. चांगलं काम केल्यावर मन हलकं होतं असं मीच मुलांना सांगते. माझं झालं नाही. तिचं ते देवानं भलं करणं ऐकूनही मला चीड आली, कारण तेही तिनं किती सहज म्हटलं.

आणि मग तिनं ते विचारलं. ती म्हणाली की निवृत्त झाल्यावर बाई नांदगावातून गेल्या आणि पुढं कुठंतरी वारल्या एवढंच तिला कळलं होतं. दोनदा जाऊन शोधलं, शेजारी बदललेले, कुणाला काही सांगता येईना. मुलं सारखी विचारतात तुमच्या बाई कोण, कुठं असायच्या. "तुला काही ठाऊक आहे का गं? शेवटी कुठं होत्या त्या? एकदा त्या घरी जाऊन यावं, कुणी असेल तर नमस्कार करावा, एवढंच."

मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? तुमची शेवटची तीन वर्षं इथंच गेली, पंचवटीत, पुतण्याच्या घरी, मागच्या खोलीत. मी दर रविवारी यायचे. तुमची नखं कापायचे, पेपर वाचून दाखवायचे, तुम्हाला दिसेनासं झाल्यावर जगाच्या नकाशातल्या बदललेल्या देशांची नावं सांगायचे. त्या तीन वर्षांत तुम्ही माझ्या होतात. आणि त्यातल्याच एका रविवारी तुम्ही माझा हात चाचपत विचारलंत, ती डावखुरी पोर कुठं असते गं आता? मी म्हणाले, काय माहीत बाई. ते तेव्हा खरं होतं. पण नांदगावात तिचा भाऊ होता, रेल्वेतच लागलेला, एक फोन केला असता तर पत्ता मिळाला असता. तुम्ही नंतर आणखी दोनदा विचारलंत. मी फोन केला नाही. मग तुम्ही विचारायचं थांबवलंत.

हे मी शाळेच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर लिहिते आहे. फाडून टाकणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. चहाच्या टेबलाशी उभं राहून मी तिला सांगितलं की नाही गं, मलाही काही कल्पना नाही. ती म्हणाली, असू दे, बघू कुठून कळतं का. उद्या शेवटच्या दिवशी सांगू, असं मी त्या वेळी मनात ठरवलं होतं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. आता एप्रिल चालू आहे.